संदेशमार्गाची मर्यादा

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगड उभा आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे त्याच्या माथ्यावरून सह्याद्रीच्या रांगांत राजगडाचा बालेकिल्ला दिसतो. दोन्ही गडांमध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतर आहे; पण डोंगर उतरून, खोरी ओलांडून जाणाऱ्याला हीच वाट फार लांब पडते. १६७० सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका रात्री तानाजी मालुसरे यांनी आपल्या मावळ्यांसह सिंहगड, म्हणजे त्या वेळचा कोंढाणा, सर केला. शिवाजी महाराज त्या वेळी राजगडावर होते. गड हाती येताच मावळ्यांनी तेथील पागेची छपरे पेटविली, आणि तो उजेड पाहून राजगडावर विजयाची खूण पटली, असे बखरीत सांगितले आहे.

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. त्या आगीचा उजेड राजगडावर पोहोचण्यास सेकंदाचा वीस हजारावा भागच लागला असेल. याहून त्वरेने संदेश पोहोचविणे आजच्या कोणत्याही यंत्रालाही शक्य नाही. परंतु त्या उजेडाने एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे गड आला. तानाजी या लढाईत पडले, ही वार्ता त्या आगीला सांगता आली नाही. ती जासुदाने मागाहून आणली, तेव्हाच महाराजांना कळली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. संदेश किती त्वरेने प्रवास करतो हा एक प्रश्न, आणि एका सेकंदात किती मजकूर पाठविता येतो हा दुसरा प्रश्न. हे दोन्ही प्रश्न अगदी निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर प्रकाशाच्या वेगात आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यास मात्र मानवाला विसावे शतक उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली.

मजकूर मोजावयाचा कसा?

धान्य मापाने मोजतात, कापड मीटरने मोजतात. मग मजकूर कशाने मोजावा? शब्दांच्या संख्येवरून तो नीट मोजता येत नाही. पंचवीस शब्द बोलूनही मनुष्य काहीच नवे सांगत नाही, आणि कधी 'हो' या एका अक्षराने मोठा निर्णय होतो.

यासाठी एक सोपा खेळ उपयोगी पडेल. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. एका मुलाने त्यांतील एक घर मनात धरावे आणि दुसऱ्याने प्रश्न विचारून ते ओळखावे. उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असेच मिळेल. चतुर मुलगा प्रथम विचारतो, "ते घर पटाच्या डाव्या अर्ध्या भागात आहे का?" उत्तर काहीही आले, तरी ६४ पैकी ३२ घरे बाद होतात. पुढच्या प्रश्नाने १६ घरे उरतात. मग ८, ४, २ आणि शेवटी १. सहा प्रश्नांत घर निश्चित सापडते.

'होय' किंवा 'नाही' अशा एका उत्तरात जेवढी माहिती असते, तिला 'बिट' असे म्हणतात. माहिती मोजण्याचे हेच माप होय. दोन्ही गोष्टी सारख्याच संभवनीय असतील, तर त्यांतील कोणती घडली हे सांगण्यास १ बिट लागतो. चार शक्यतांना २ बिट, आठ शक्यतांना ३ बिट आणि पटावरील ६४ घरांना ६ बिट पुरतात. सिंहगडावर आग दिसली की नाही, एवढाच त्या रात्रीचा संकेत होता. म्हणून त्याने फार तर एका बिटाचे काम केले. मराठी वर्णमालेतील कोणतेही एक अक्षर निवडून सांगावयाचे, तर ६ बिटांत ते भागते. कारण तेवढ्यांत ६४ निरनिराळ्या खुणा करता येतात.

ज्या साधनातून संदेश जातो त्याला संदेशमार्ग म्हणतात. दोन गडांमधील मोकळे आकाश, दूरध्वनीची तार, काचेचा बारीक तंतू, आकाशवाणीच्या लहरी हे सर्व संदेशमार्गच आहेत. अशा मार्गावरून एका सेकंदात जास्तीत जास्त किती बिट बिनचूक नेता येतील, ही खरी विचारण्याची गोष्ट आहे.

अरुंद मार्ग

समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारांनी या प्रश्नाची पहिली कठोर जाणीव करून दिली. १८५८ साली आयर्लंडपासून उत्तर अमेरिकेपर्यंत अटलांटिक महासागराखालून तार टाकण्यात आली. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना शुभेच्छा पाठविल्या. त्या संदेशात ९८ शब्द होते, आणि तो पूर्ण पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. वीज काही रेंगाळत चालत नव्हती. पण इतक्या लांब तारेतून जाताना प्रत्येक विद्युत् संकेत पसरट होत असे. एक संकेत संपण्यापूर्वी दुसरा धाडला, तर दोन्ही एकमेकांत मिसळून जात आणि पलीकडील माणसाला काहीच उमगत नसे.

त्या तारेवरील मुख्य विद्युत्तज्ज्ञाने विजेचा दाब पुष्कळ वाढवून पाहिला. जोर लावला की काम जलद होईल, असा त्याचा समज होता. परिणाम उलट झाला. तारेचे वेष्टन निकामी झाले आणि काही आठवड्यांतच ती तार कायमची मुकी झाली. अपार श्रम आणि पैसा पाण्यात गेला. मार्गाची मर्यादा कशाने ठरते हे ठाऊक नसले, तर केवढे नुकसान होते, याचे हे उदाहरण आहे.

प्रत्येक मार्गाला जणू एक रुंदी असते. ही रुंदी हातांनी मोजावयाची नव्हे; ती लहरींच्या वारंवारतेची असते. एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते, त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. साध्या दूरध्वनीच्या मार्गातून ३०० पासून ३,४०० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी नेले जात. म्हणजे त्या मार्गाचा पट्टा ३,१०० हर्ट्झ रुंद होय. पट्टा रुंद असेल तर संकेत भराभर बदलता येतो. अरुंद असेल तर तो सावकाश बदलावा लागतो.

याचा अनुभव पुण्याच्या परिसरातही आला. १९२७ साली खडकी येथील केंद्रातून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश खडकीहून पाठविले जात आणि इंग्लंडहून येणारे संदेश दौंड येथे ऐकले जात. ही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर आहेत. शेजारी प्रचंड शक्तीचा प्रक्षेपक गर्जत असेल, तर हजारो किलोमीटरांवरून आलेली क्षीण हाक ऐकू येणे कठीण. म्हणून अशा केंद्रांत बोलण्याची आणि ऐकण्याची जागा दूर दूर ठेवीत. प्रारंभी या मार्गाने केवळ तारेचे ठिपके आणि रेघा जात. मनुष्याचा प्रत्यक्ष आवाज इंग्लंडपर्यंत पोहोचविणारी दूरध्वनीसेवा १९३३ साली सुरू झाली. ठिपके-रेघांना अरुंद पट्टा आणि क्षीण संकेतही पुरतो. बोलण्याला त्याहून पुष्कळ रुंद पट्टा आणि स्पष्ट संकेत लागतो. ऐकणाऱ्याला तारेने आशय मिळे. दूरध्वनीने आशयाबरोबर बोलणाऱ्याचा कंठही मिळू लागला.

गोंगाट

पट्ट्याच्या रुंदीखेरीज आणखी एक गोष्ट संदेशाच्या आड येते. अनंत चतुर्दशीच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून गणपतीची मिरवणूक चालली आहे, ढोल-ताशांनी आसमंत दुमदुमून गेला आहे, अशी कल्पना करावी. रस्त्याच्या एका कडेला एक मुलगा उभा आहे आणि समोरच्या माडीवर त्याची थोरली बहीण आहे. "ताई, मी काकांबरोबर मंडईकडे जातो, दिवे लागल्यावर घरी येतो," असे तो ओरडून सांगतो. ताईला त्यातील 'काका' एवढेच ऐकू येते. मुलगा मग काय करतो? तो अधिक जोराने ओरडतो. ढोल क्षणभर थांबण्याची वाट पाहतो. एकच शब्द हळूहळू, पुनःपुन्हा उच्चारतो. शेवटी हाताने मंडईची दिशा दाखवितो. त्याला ठाऊक नसले, तरी संदेशवहनाच्या शास्त्रातील बहुतेक सर्व उपाय त्याने योजलेले असतात.

संदेशात मिसळणाऱ्या अशा नको त्या हालचालीला शास्त्रातही गोंगाट असेच म्हणता येईल. तो केवळ कानाला ऐकू येणारा नसतो. आकाशात वीज चमकली की बिनतारी यंत्रात खरखर उमटते. मोटारीच्या यंत्रातील ठिणग्या, कारखान्यातील विद्युत् यंत्रे हीही गोंगाट करतात. हे सर्व थांबविले, तरी गोंगाट पूर्णपणे जात नाही. प्रत्येक तारेतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अखंड थरथरत असतात, आणि ती थरथर संकेतात मिसळतेच.

गोंगाट मुळीच नसता, तर मजकुराला सीमाच उरली नसती. एका दिव्याच्या प्रकाशाचे दोनच प्रकार ठरविले, मंद आणि प्रखर, तर एका वेळी १ बिट जातो. चार पायऱ्या ठरविल्या तर २ बिट, आणि १,०२४ पायऱ्या ठरविल्या तर १० बिट एकाच वेळी जातील. पण दिवा वाऱ्याने फडफडत असेल, तर ५०० वी पायरी कोणती आणि ५०१ वी कोणती, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे? गोंगाट शेजारच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून टाकतो. म्हणून गोंगाटाच्या मानाने संकेत जेवढा बलवान, तेवढ्याच पायऱ्या उपयोगी पडतात.

शॅननचा नियम

या सर्व गोष्टी एका सूत्रात गोवण्याचे कार्य क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने केले. त्याचा जन्म १९१६ साली झाला. लहानपणी त्याने कुंपणाच्या काटेरी तारेचा उपयोग करून अर्ध्या मैलावरील मित्राच्या घरापर्यंत स्वतःचे तारायंत्र उभारले होते. त्याच्यापूर्वी नायक्विस्ट आणि हार्टली या दोन संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात पट्ट्याची रुंदी आणि संदेशाचा दर यांचा संबंध दाखवून दिला होता. शॅननने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गोंगाटाचाही हिशेब मांडला आणि प्रत्येक मार्गाची कमाल मर्यादा सांगणारा नियम सिद्ध केला.

तो नियम असा. संकेताची शक्ती गोंगाटाच्या किती पट आहे ते काढावे. त्या संख्येत १ मिळवावा. मग १ या संख्येपासून प्रारंभ करून ती दुप्पट, पुन्हा दुप्पट असे करीत गेल्यास तेथवर पोहोचण्यास किती वेळा दुप्पट करावे लागते, हे पाहावे. या दुपटींच्या संख्येला पट्ट्याच्या रुंदीने गुणिले, की एका सेकंदात जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जातील ते मिळते.

दूरध्वनीच्या मार्गाचे उदाहरण घेऊ. पट्टा ३,१०० हर्ट्झ रुंद आहे आणि संकेत गोंगाटाच्या १,००० पट बलवान आहे, असे समजा. १,००० मध्ये १ मिळविला की १,००१ होतात. १, २, ४, ८ असे दुप्पट करीत गेल्यास दहाव्या दुपटीला १,०२४ येतात. म्हणजे सुमारे १० दुपटी झाल्या. ३,१०० ला १० ने गुणिले असता ३१,००० येतात. तेव्हा या मार्गाची मर्यादा सेकंदाला सुमारे ३१,००० बिट होय. १९९६ च्या सुमारास दोन साध्या दूरध्वनींतून संगणक जोडणारी यंत्रे सेकंदाला ३३,६०० बिट पाठवू लागली होती. ज्या तारांत गोंगाट थोडा कमी असे, त्यांवरच ती इतक्या वेगाने चालत. यावरून अभियंते त्या मर्यादेच्या किती निकट पोहोचले होते, हे दिसून येते.

आता संकेताची शक्ती दुप्पट केली, तर काय होईल? प्रमाण २,००० पट होईल, पण दुपटी १० ऐवजी ११ होतील. दर ३१,००० वरून ३४,१०० बिटांवर जाईल, एवढाच लाभ. उलट शक्ती तीच ठेवून पट्टा दुप्पट रुंद केला, तर रुंद पट्ट्यात गोंगाटही दुप्पट शिरेल, प्रमाण ५०० पट उरेल आणि दुपटी ९ होतील. तरीही ६,२०० गुणिले ९ म्हणजे ५५,८०० बिट जातील. केवळ जोराने ओरडण्यापेक्षा वाट रुंद करणे अधिक फलदायी ठरते, हे गणितच सांगते. काचेच्या तंतूंतून आज जो प्रचंड मजकूर वाहतो, त्याचे मुख्य कारण प्रकाशलहरींचा अतिशय रुंद पट्टा हे होय. मिरवणुकीच्या गर्दीत भ्रमणध्वनी मंदावतात, त्याचे कारणही यातच आहे. हजारो जण तोच एक पट्टा आपापसांत वाटून घेत असतात.

या नियमात आणखी एक नवल आहे. संकेत गोंगाटाहून दुर्बळ असला, तरी मर्यादा शून्यावर येत नाही. संकेत गोंगाटाच्या दहाव्या हिश्शाइतकाच असेल, तर पट्ट्याच्या रुंदीच्या सुमारे सातव्या हिश्शाइतके बिट दर सेकंदाला जाऊ शकतात. दर मंद होतो, पण वाट बंद होत नाही.

चुका कशा टाळाव्यात?

शॅननच्या पूर्वी सामान्य समजूत अशी होती, की गोंगाट असला म्हणजे चुका होणारच; त्या कमी करावयाच्या तर मजकूर पुनःपुन्हा पाठवावा आणि दर कमी कमी होत जाणे सोसावे. शॅननने सिद्ध केले, की मर्यादेच्या आत राहून चतुराईने सांकेतिक रचना केली, तर दर फारसा न घटविता चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडली, तर मात्र कोणतीही युक्ती चालत नाही.

अशा रचनेचे बीज व्यवहारात पूर्वीपासून आढळते. पावतीवर रक्कम अंकी आणि अक्षरी अशा दोन प्रकारे लिहितात. '३५०' मधील एखादा अंक पुसट झाला, तरी 'तीनशे पन्नास' या शब्दांवरून तो कळतो. येथे थोडा जादा मजकूर मूळ मजकुराचे रक्षण करतो. शॅननने अशा उत्तम रचना असतात हे सिद्ध केले, पण त्या नेमक्या कशा बनवाव्यात हे सांगितले नव्हते. तो शोध पुढे अनेक वर्षे चालू राहिला. १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेली 'टर्बो' रचना या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन पोहोचली.

खोडदची दुर्बीण

पुण्याहून नाशिककडे जाताना जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागते. त्याच्या परिसरात आर्वी आणि खोडद ही दोन गावे आहेत. आर्वी येथे १९७२ साली उपग्रहांशी संपर्क साधणारे भूकेंद्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला देण्यात आले. तेथील थाळीसारख्या आकाशकेचा व्यास सुमारे ३० मीटर होता. ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडून येणारा संकेत फार क्षीण असतो. तो वेचावयाचा तर थाळी मोठी हवी. पावसाचे पाणी साठविण्यास रुंद तोंडाचे भांडे ठेवावे, तसाच हा प्रकार होय.

खोडद येथे याहून मोठी योजना उभी राहिली. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतरच्या दशकात तेथे रेडिओ दुर्बीण बांधण्यात आली. 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' हे तिचे नाव. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या आहेत. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. ही जागा निवडण्याचे एक कारण म्हणजे तेथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी आणि आसपासच्या डोंगरांचा आडोसा. ही दुर्बीण स्वतः काही बोलत नाही. आकाशगंगा आणि दूरचे तारे यांच्याकडून येणाऱ्या लहरी ती ऐकते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी या दुर्बिणीने एक निराळी हाक ऐकली. युरोपीय अवकाश संस्था आणि रशिया यांच्या मोहिमेतील स्कियापरेल्ली नावाचे यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होते. मंगळ तेव्हा पृथ्वीपासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. यानातील प्रक्षेपक लहानसा होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याचे ऐकावे, एवढ्याच हेतूने तो बसविलेला होता. अंतर दहापट झाले, की पोहोचणारी शक्ती शंभरावा हिस्सा उरते. पृथ्वीपर्यंत येताना ती किती उरली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तरीही भारतात रात्र पडल्यावर खोडदच्या थाळ्यांनी ती हाक पकडली. हे कसे साधले? ग्राहक यंत्रणेने अतिशय अरुंद पट्ट्यावर लक्ष केंद्रित केले. पट्टा अरुंद केला, की त्यात शिरणारा गोंगाटही घटतो आणि क्षीण संकेत त्यातून डोके वर काढतो. पण अरुंद पट्ट्याचे मोल चुकवावेच लागते, कारण त्यातून मजकूर फारच थोडा येतो. यान आपल्या यंत्रांची सविस्तर माहिती पाठवीत होते. ती खोडदला वाचता येणे शक्य नव्हते. पडद्यावर दिसत होती ती केवळ संकेताची एक बारीक रेषा. यान बोलत आहे, एवढे त्या रेषेवरून कळत होते, आणि तिच्या वारंवारतेतील बदलावरून यानाच्या वेगातील बदल.

उतरण्याची वेळ जवळ आली आणि ठरलेल्या क्षणाच्या थोडे आधीच ती रेषा नाहीशी झाली. काय झाले असावे? यान सुखरूप असून केवळ त्याचा प्रक्षेपक बंद पडला की यानच नष्ट झाले, हे त्या रेषेला सांगता येत नव्हते. सविस्तर मजकूर 'ट्रेस गॅस ऑर्बिटर' या सोबतच्या यानाने जवळून ऐकून नोंदवून ठेवला होता. तो पृथ्वीवर आल्यावर उलगडा झाला. यानाची फिरकी मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मापावर अडकले होते. त्यामुळे यानाच्या संगणकाचा हिशेब चुकला आणि आपण जमिनीपाशी आलो, असा त्याचा समज झाला. जमीन अजून तीन-चार किलोमीटर खाली असतानाच हवाई छत्री सुटली, वेग रोखणारी यंत्रे काही सेकंदांतच बंद पडली आणि यान कोसळले.

सिंहगडावरील आगीने गड आला एवढे सांगितले. बाकीची वार्ता जासुदाने आणली. खोडदच्या रेषेने हाक थांबली एवढे सांगितले. तिचे कारण दुसऱ्या यानाने आणले. साडेतीनशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांत एकच नियम काम करीत होता. क्षीण संकेत फार दूरवर पोहोचतो, पण थोडेच सांगतो. म्हणूनच यान पाठविणारे शास्त्रज्ञ आधीच हिशेब करून ठेवतात. कोणती गोष्ट दुरून कळली तरी पुरे, आणि कोणत्या गोष्टीसाठी जवळ ऐकणारा ठेवलाच पाहिजे, हे ते ठरवितात. स्कियापरेल्ली पडले, तरी ते का पडले हे कळले. आणि पुढील यानाच्या रचनेत ती चूक टाळता येण्याची सोय झाली.

मर्यादा कळली म्हणजे मनुष्य निराश होतो, असे नाही. अटलांटिकची पहिली तार मर्यादेच्या अज्ञानामुळे जळाली. खोडदची रेषा मर्यादेच्या ज्ञानामुळे दिसली.

अभ्यास

१. सिंहगडावरील आगीने कोणती गोष्ट सांगितली आणि कोणती सांगता आली नाही?
२. ३२ मुलांच्या वर्गातील एक मूल 'होय-नाही' प्रश्नांनी ओळखावयाचे असेल, तर किती प्रश्न पुरतील? कारण सांगा.
३. एका मार्गाचा पट्टा २,००० हर्ट्झ रुंद असून संकेत गोंगाटाच्या ६३ पट बलवान आहे. त्या मार्गाची मर्यादा काढा.
४. संकेताची शक्ती दुप्पट केल्याने दर दुप्पट का होत नाही?
५. पावतीवर रक्कम अंकी व अक्षरी अशी दोनदा का लिहितात? अशा जादा मजकुराची आणखी दोन उदाहरणे शोधा.